सव्वा सेकंदाचे गाणे

गेली चाळीस वर्षे माझ्या डाव्या कानात एक शिट्टी वाजत आहे. ती कधीच थांबत नाही. दिवसा माणसांच्या वर्दळीत ती थोडी मागे सरते. रात्री घर निजले की पुढे येऊन उशाशी बसते. कानाच्या डॉक्टरांनी तिचे इंग्रजी नाव सांगितले तेव्हा मला हायसे वाटले होते. ज्या दुखण्याला नाव आहे त्याला औषधही असेल, अशी माझी भाबडी समजूत होती. औषध नव्हते. कानाच्या आतल्या शंखात केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात, सततच्या मोठ्या आवाजाने त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, एवढे मात्र त्यांनी नीट समजावून सांगितले. ज्याने आयुष्याची चोवीस वर्षे पॉवर प्रेसच्या खात्यात काढली, त्याने संगीताविषयी लिहायला बसावे हे म्हणूनच थोडे धाडसाचे आहे. आणि ज्याविषयी मी लिहिणार आहे त्याला संगीत म्हणावे की नाही, यावरही ऐकणाऱ्यांचे एकमत नाही.

सन २०२४ च्या उन्हाळ्यात मी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरी मुलीकडे तीन महिने राहिलो. ती तेथील एका रुग्णालयात परिचारिका आहे. नातू सतरा वर्षांचा. त्याला मराठी सगळे समजते. बोलतो तुटक, पण ‘आजोबा’ ही हाक अगदी स्वच्छ मारतो. मी पोहोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून आडवा झालो होतो, तोच वरच्या मजल्यावरून एक खडखडाट सुरू झाला. मी उठून बसलो. माझ्या अनुभवी कानांनी निदान केले, की कपडे धुण्याच्या यंत्राचे बेअरिंग गेले असून ते ताबडतोब बंद केले नाही तर मोटरही जळेल. तसे मी मुलीला सांगितले. ती हसू लागली.

“पप्पा, मशीन नाही ते. तुमचा नातू गाणी ऐकतोय.”

मी जिना चढून वर गेलो. नातवाच्या खोलीत एक जुन्या पद्धतीची काळी तबकडी फिरत होती. त्याने घाईघाईने आवाज कमी केला. आजोबांना त्रास झाला म्हणून आता रागावतील, असे त्याला वाटले असावे. मी खुर्ची ओढून बसलो आणि तबकडीचे वेष्टन हातात घेतले. त्यावर काळ्या रेषांतले चित्र होते. कवट्यांचा ढीग, हाडांचे सापळे झालेली माणसे, सुटाबुटातील पुरुष आणि जगभर पसरलेल्या कंपन्यांची बोधचिन्हे. तबकडीचे नाव ‘स्कम’. उकळत्या किंवा साचलेल्या द्रवावर जो मळ तरंगतो, तो या शब्दाचा मूळ अर्थ. माणसांना उद्देशून वापरला की ती शिवी होते. आमच्या खात्यात तेलाच्या टाकीवर अशी मळी साचे आणि दर शनिवारी ती झाऱ्याने काढावी लागे.

पुढचा तासभर नातू बोलत होता आणि मी ऐकत होतो. आपल्या आवडीच्या गोष्टीविषयी कोणी विचारले म्हणजे त्या वयातील मुलाला जो आनंद होतो, तो त्याच्या चेहऱ्यावर होता. त्याने सांगितलेली हकिगत थोडक्यात अशी. या वृंदाचे नाव ‘नापाम डेथ’. नापाम हे चिकटून जळणारे रसायन १९४२ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात तयार झाले आणि पुढे ते व्हिएतनाममधील गावांवर टाकले गेले, हे माझ्या पिढीने वर्तमानपत्रांत वाचले आहे. बर्मिंगहॅम आणि कॉव्हेन्ट्री या दोन शहरांच्या मध्ये मेरिडन नावाचे गाव आहे. तेथे १९८१ साली निक बुलेन आणि माइल्स रॅटलेज या दोन शाळकरी मुलांनी हा वृंद सुरू केला. पुढे स्पार्कहिल भागातील ‘मर्मेड’ या मद्यगृहात त्यांचे कार्यक्रम होऊ लागले. ती जागा माझ्या मुलीच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर होती.

तबकडीची पहिली बाजू ऑगस्ट १९८६ मध्ये बर्मिंगहॅममधील एका लहानशा स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली. गाणारा आणि बास गिटार वाजवणारा निक बुलेन, गिटारवर जस्टिन ब्रॉडरिक, ड्रमवर मिक हॅरिस. तिघांपैकी एकानेही तेव्हा विशी गाठली नव्हती. दुसरी बाजू मे १९८७ मध्ये झाली, तोवर वृंद फुटून पुन्हा जुळला होता. जुन्यांपैकी ड्रम वाजवणारा तेवढा उरला होता. आता ली डॉरियन गात होता, गिटार बिल स्टीअरकडे होती आणि बास जिम व्हाइटलीकडे. नॉटिंगहॅमच्या ज्या छोट्या संस्थेने १९८७ साली तबकडी प्रसिद्ध केली, तिचे नाव ‘इअरेक’, म्हणजे कानदुखी. हे ऐकून मला हसू आवरेना. माझ्या व्याधीच्या नावाने कोणी दुकान थाटले असेल, असे मला कधी वाटले नव्हते.

तबकडीवर एकूण अठ्ठावीस गाणी आणि सगळ्यांची मिळून लांबी सुमारे तेहेतीस मिनिटे. बीबीसीच्या रेडिओ वनवर जॉन पील नावाचे निवेदक होते. ज्याला कोणी दारात उभे करीत नसे, असे संगीत ते रात्री ऐकवीत. त्यांनी ही गाणी वाजवली आणि त्याच वर्षी वृंदाला बोलावून ध्वनिमुद्रणही केले. या प्रकाराला ‘ग्राइंडकोर’ हे नाव रूढ झाले, आणि त्याचे श्रेय मिक हॅरिसला देतात. ग्राइंड म्हणजे दळणे, भरडणे. दळण आणि गाणे यांचे नाते आपल्याला नवे नाही. माझी आई पहाटे जात्यावर बसे आणि ओव्या गाई. जात्याची घरघर आणि तिचा आवाज एकमेकांत मिसळून आम्हां भावंडांच्या झोपेत शिरत. पण ओवी दळणाचे कष्ट हलके करण्यासाठी असते. या मुलांनी ओवी बाजूला ठेवून जातेच गायला लावले होते.

मला ते आवडले का? खरे सांगायचे तर नाही. गिटारचा सूर इतका विस्कटलेला, की तो तारेतून येतो हे सांगूनही पटू नये. गायकाचा आवाज घशाच्या तळातून खरवडून काढलेला. त्यातून एक शब्द कळेल तर शपथ. नातवाने मला ते शब्द कागदावर दाखवले. कंपन्यांची हाव, सत्तेपुढे गुडघे टेकणारी माणसे, यशाचा पोकळपणा असे विषय होते. त्या वयाच्या मुलांनी लिहावे तसे सरळ, रागीट लिहिलेले.

परंतु एक गोष्ट मला नाकारता आली नाही. त्या गोंगाटात शिस्त होती. ड्रम वाजवणारा हात आणि पाय आलटूनपालटून इतक्या वेगाने चालवतो, की सुटे ठोके ऐकू येतच नाहीत, एक सलग थरथर तेवढी उरते. याला ‘ब्लास्ट बीट’ म्हणतात, असे नातू म्हणाला. सामान्य श्रोत्याला तो नुसता कोसळता आवाज वाटेल. पण मी प्रेसखात्याचा माणूस. बारा प्रेस बारा गतींनी चालू असताना त्यांतील कोणता चुकला, हे पाठमोरा उभा राहूनही मला कळत असे. मी कान देऊन ऐकले. थरथर अचानक तुटते, जड पावलांसारखी संथ लय येते, पुन्हा वेग येतो, आणि मग सगळे एका क्षणी थांबतात. तीन माणसांनी असे एकदम थांबणे हे सैल, बेपर्वा माणसांचे काम नव्हे. त्यासाठी एकमेकांकडे सतत लक्ष ठेवावे लागते. त्या दुपारी मी नातवाला एवढेच म्हणालो, “पोरं मेहनती होती.” त्याला ते प्रशस्तिपत्रक पुरेसे वाटले.

त्यानंतर नातवाने मला त्याचे शहर दाखवायला सुरुवात केली. बर्मिंगहॅम हे धातूचे गाव. बटणे, स्क्रू, बंदुका, दागिने, मोटारी असे काय काय येथे झाले. १७७५ साली मॅथ्यू बोल्टन आणि जेम्स वॉट यांनी भागीदारी केली आणि येथून वाफेची इंजिने जगभर गेली. लाँगब्रिज येथील मोटारींचा प्रचंड कारखाना २००५ साली बंद पडला. ‘स्कम’ करणारी मुले मोठी होत होती त्या काळात कारखाने माणसे कमी करीत होते. १९८२ च्या आरंभी ब्रिटनमधील बेकारांची संख्या तीस लाखांवर गेली होती. ज्या यंत्रांच्या आवाजावर बापांची घरे चालली, ती यंत्रे थांबत असताना मुलांनी तो आवाज गिटारवर घेतला, असे मला वाटले. यातील जस्टिन ब्रॉडरिकने तर पुढे १९८८ साली ‘गॉडफ्लेश’ हा दुसरा वृंद काढला आणि त्यात ड्रम वाजवायला माणूसच ठेवला नाही, यंत्र ठेवले. ते मी नातवाच्या खोलीत ऐकले. न चुकणारा, न थकणारा, दया नसलेला ठोका. तो माझ्या ओळखीचा होता.

शहरातील ज्वेलरी क्वार्टर भागात लेखणीच्या टाकांचे एक लहानसे संग्रहालय आहे. एकोणिसाव्या शतकात जगातील असंख्य शाळांतली मुले ज्या पोलादी टाकांनी लिहीत, ते या शहरात तयार होत आणि ते काम मुख्यतः स्त्रिया हातप्रेसवर करीत. तेथे पाहुण्याला स्वतः एक टाक करून बघता येतो. मी त्या प्रेससमोर बसलो. पत्र्याची पट्टी डाव्या हाताने सरकवायची, उजव्या हाताने दांडा ओढायचा. तीस वर्षांत मी प्रेसला हात लावला नव्हता; तरी माझी बोटे पत्रा सरकवून आपोआप मागे आली. नातवाच्या ते लक्षात आले.

“आजोबा, तुम्ही हात किती पटकन काढलात!”

“न काढून कसे चालेल?” मी म्हणालो.

परतताना त्याने मला टोनी आयोमीची गोष्ट सांगितली. ‘ब्लॅक सॅबथ’ या बर्मिंगहॅमच्याच जगप्रसिद्ध वृंदाचा हा गिटारवादक. १९६५ साली सतराव्या वर्षी तो पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस. त्याला नेहमीचे काम न देता यंत्रावर बसवले आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके यंत्राखाली गेली. तो डावखुरा, गिटारच्या तारा याच बोटांनी दाबायचा. आता सारे संपले असे त्याला वाटत असताना त्याच्या फोरमनने त्याला एक तबकडी आणून ऐकवली. जँगो राइनहार्ट या वादकाची. या राइनहार्टची दोन बोटे १९२८ साली आगीत निकामी झाली होती आणि उरलेल्या बोटांनी तो अप्रतिम गिटार वाजवीत असे. आयोमीने मग प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, सोसतील अशा हलक्या तारा लावल्या आणि त्यातून तो जड, काळोखा आवाज निघाला ज्याची सगळी वंशावळ पुढे ‘स्कम’पर्यंत येते.

नातू उत्साहाने सांगत होता. मी गप्प होतो. त्याला वाटले, मी दमलो. मी त्या फोरमनचा विचार करीत होतो. मीही फोरमन होतो.

त्या रात्री जेवण झाल्यावर नातवाने मला पुन्हा वर बोलावले. “आजोबा, एक राहिलंय. पण डोळे मिचकावू नका, नाहीतर संपेल.” त्याने पहिल्या बाजूच्या शेवटाकडे सुई ठेवली. काहीतरी अंगावर फेकल्यासारखे आले आणि गेले. मला वाटले तबकडी अडखळली. ते एक पूर्ण गाणे होते. ‘यू सफर’ असे त्याचे नाव, लांबी १.३१६ सेकंद. जगातील सर्वांत छोटे ध्वनिमुद्रित गाणे म्हणून गिनीजच्या विक्रमांच्या पुस्तकात त्याची नोंद झाली आहे. शब्द चारच. सोसणाऱ्या माणसाला उद्देशून विचारलेला प्रश्न आहे तो, आणि सोसण्याचे कारण विचारून गाणे तेथेच तुटते. ईयोबाने हाच प्रश्न अध्यायामागून अध्याय विचारला. येथे तो सव्वा सेकंदात उरकला होता. पुष्कळ लोक याला विनोद समजतात, असे नातू म्हणाला. तोही हसत होता.

मी वेष्टनावरील वर्ष पुन्हा पाहिले आणि मनातल्या मनात एक भागाकार केला. आमचा सात नंबरचा प्रेस मिनिटाला ४५ फटके मारी. साठ भागिले पंचेचाळीस. एका फटक्याला १.३३ सेकंद.

आमचा कारखाना गोरेगावात होता. मोठ्या कंपन्यांना पत्र्याचे सुटे भाग पुरवणारा. तो काही तबकडीवरच्या चित्रातला नव्हता. मालक स्वतः घरचा डबा घेऊन येत आणि कामगारांच्या लग्नांना हजर राहत. मी १९७१ साली तेथे लागलो आणि १९८२ साली फोरमन झालो. सात नंबरवर माझ्याच गावचा एक जण होता. वसई रोडहून पहाटेची लोकल आम्ही एकाच डब्यात पकडत असू. लग्नसराईत तो बँडमध्ये ट्रम्पेट वाजवी. प्रेसच्या गोंगाटात बोललेले ऐकू येत नसे, म्हणून काम करता करता तो ओठांनी नुसती फुंकर घालून चाल धरी आणि उजव्या हाताची तीन बोटे मांडीवर नाचवी. कोणते गाणे ते मी बोटांवरून ओळखायचो.

प्रेसला पुढून एक जाळी असते. ती खाली आल्याशिवाय फटका पडू नये आणि फटक्याच्या वेळी हात आत जाऊ नये, ही तिची योजना. परंतु जाळीमुळे दर नगामागे क्षणभर जास्त जातो. त्या पावसाळ्यात एक मोठी मागणी वेळेत पुरी करायची होती. जाळी काढा असे मालकांनी कधीच सांगितले नाही. त्यांनी फक्त आकडा सांगितला. जाळी काढायला मी मान्यता दिली. इतर खात्यांतही तसेच चाले, असे मी स्वतःला बजावले.

ऑगस्ट १९८६. त्या दिवशी सकाळी तो माझ्याकडे आला आणि कानाशी तोंड आणून म्हणाला, “सात नंबर मधूनच दुसरा फटका देतोय. क्लच बघायला हवा.” पायाने पेडल एकदा दाबले तर एकच फटका पडला पाहिजे. क्लचची स्प्रिंग झिजली म्हणजे प्रेस कधी कधी न मागता दुसरा फटका मारतो. मला हे ठाऊक होते. मी घड्याळ पाहिले आणि म्हणालो, “शिफ्ट संपली की बघू.”

अकराच्या सुमारास पहिला फटका पडला. नग काढायला त्याने हात आत घातला आणि दुसरा फटका आला. तर्जनी आणि मधले बोट. तो ओरडला असणार. तोंड उघडलेले मी पाहिले. पण बाकीचे अकरा प्रेस चालू होते आणि मला काहीही ऐकू आले नाही. अडतीस वर्षांनंतर बर्मिंगहॅममधील एका खोलीत ते मला ऐकू आले, असे म्हणालो तर ते खोटे नाट्य होईल. एवढेच खरे, की ते गाणे जितका वेळ चालते तितक्याच वेळात ते सगळे घडले होते, आणि त्या वेळेची लांबी माझे शरीर विसरलेले नव्हते.

आयोमीच्या फोरमनने त्याला तबकडी नेऊन दिली. मी इस्पितळात एक कागद घेऊन गेलो. अपघाताचा अहवाल होता तो. ‘अपघाताचे कारण’ या रकान्यात मी आधीच लिहिले होते: ‘कामगाराचा हलगर्जीपणा. यंत्र चालू असताना सूचनांविरुद्ध हात आत घातला.’ त्याने डाव्या हाताचा अंगठा उमटवला. तो आठवी शिकलेला होता, त्याला सही येत होती. पण सहीचा हात बँडेजमध्ये होता. विमा योजनेतून नियमाप्रमाणे मिळायचे ते त्याला मिळाले. कारखान्याकडून वेगळे काही मिळाले नाही, कारण चूक त्याची होती. पुढे त्याला भांडारात नेमले. जाळी दुसऱ्याच दिवशी परत बसवली गेली.

पुढच्या लग्नसराईत तो मला बँडमध्ये दिसला. मोठा ड्रम गळ्यात अडकवून वाजवीत होता. ट्रम्पेट त्याच्या पुतण्याकडे होती. माझ्याकडे पाहून त्याने मान हलवली आणि मला वाटले, चला, निभावले त्याने. माणूस आपल्या सोयीचे किती चटकन पाहतो! त्यानंतरही आम्ही वर्षानुवर्षे एकाच लोकलने जात होतो. त्याने तो विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही. १९९५ साली कारखाना बंद पडला, लोकलची सोबत सुटली. २०११ साली तो वारला. मी त्याच्या अंत्ययात्रेला गेलो होतो आणि बँड वाजत असताना उजव्या बाजूने चालत होतो, म्हणजे चांगला कान बँडच्या विरुद्ध दिशेला राहील.

नातवाच्या त्या तबकडीचा मला आधी रागच आला होता. कंपन्या वाईट, सत्ता वाईट, असे ओरडणे सोपे असते, असे मी मनात म्हटले होते. पण ओरडणाऱ्यांची चूक नव्हती. खटकत होते ते दुसरेच. कंपनी नावाचा माणूस कोठेही भेटत नाही. कंपनी जेथे जेथे असते तेथे माझ्यासारखा कोणीतरी हातात पेन घेऊन बसलेला असतो; लग्नांना जाणारा, रविवार पाळणारा, कोणाचे वाईट न चिंतणारा. वेष्टनावरील चित्रात सुटाबुटातील माणसे होती. खाकी शर्टातील फोरमन त्यांत नव्हता. तो असायला हवा होता.

या वृंदाविषयी आणखी एक गोष्ट नातवाने सांगितली ती येथे नमूद करतो. मार्च २०१३ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांचा एक कार्यक्रम ठरला होता. कीथ हॅरिसन या कलावंताने इमारतींच्या आकाराचे, फरशा बसवलेले ध्वनिक्षेपक तयार केले होते आणि त्यांतून हे संगीत वाजवायचे होते. आवाजाने फरशांचे काय होते ते पाहणे हाच प्रयोग होता. परंतु संग्रहालयाच्या वास्तूला धक्का पोहोचेल या भीतीने कार्यक्रम रद्द झाला आणि नोव्हेंबरमध्ये तो बेक्सहिल येथे झाला. संग्रहालयाचे मला कौतुक वाटले. भिंतींची काळजी घेणारा कोणीतरी तेथे होता. कारखान्यांच्या नियमांत आपल्याकडेही आठ तासांसाठी नव्वद डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. आमच्या खात्यात आवाज मोजायला कोणी आल्याचे मला आठवत नाही. कापसाचे बोळे आम्ही घरून आणत असू.

निघण्याच्या आदल्या दिवशी नातवाने मला एक छोटी डबी दिली. तिच्यात रबराची दोन बुचे होती. तो अशा कार्यक्रमांना जातो तेव्हा कानांत घालतो तशी. “ही घालूनच ऐकायचं असतं, आजोबा. नाहीतर कान जातात.” एवढा प्रचंड आवाज करणारी आणि ऐकणारी ही मुले आपले कान जपतात, याचे मला नवल वाटले. मग वाटले, त्यात नवल कसले? आम्हांला जो आवाज सोसावा लागला तो त्यांनी स्वतः निवडला आहे. निवडलेल्या आवाजाभोवती जाळी बसवता येते.

मी त्याला त्या रात्री सात नंबरची गोष्ट सांगितली. मुलीला कधी सांगितली नव्हती, तिच्या आईलाही नाही. तो पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होता. मध्ये एकदाही बोलला नाही. संपल्यावर त्याने विचारले, “त्याच्या घरी माहीत आहे?”

“काय?”

“की चूक त्याची नव्हती.”

मी उत्तर दिले नाही. त्यानेही पुन्हा विचारले नाही. तबकडी पाकिटात घालून त्याने ती कपाटात उभी ठेवली आणि मला बॅग भरायला मदत केली.

त्याच्या घरी त्याचा मुलगा आहे, सून आहे, नातवंडे आहेत. हे त्रैमासिक त्यांच्याकडेही येते. दारावरून जाताना व्हरांड्यातील टेबलावर मी ते पाहिले आहे. तोंडाने सांगायला मी दोनदा त्यांच्या फाटकापर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा पावसाचे, शेतीचे बोलून परत आलो. म्हणून येथे लिहीत आहे. तुमच्या वडिलांनी त्या दिवशी सकाळी मला सांगितले होते की प्रेस दुसरा फटका देतो. जाळी काढण्यास मी मान्यता दिली होती. हलगर्जीपणा हा शब्द अहवालात होता, अक्षर माझे होते आणि तो शब्द खोटा होता. मी या आठवड्यात पुन्हा येईन. फाटक उघडायचे की नाही, ते तुम्ही ठरवा.